उंदराचे औषध आणि घुबडाचे यकृत

पुण्यातल्या कोणत्याही पेठेत किराणा मालाच्या दुकानात "उंदराचे औषध" मागितले, तर दुकानदार पुढे काहीही न विचारता निळ्या किंवा हिरव्या वड्यांचे पाकीट काढून देतो. मराठीत आपण या वस्तूला विष म्हणत नाही. ढेकणांचे औषध, मुंग्यांचे औषध, पिकावर मारायचे औषध, त्याच ओळीत उंदराचेही औषध बसते. हा शब्द रूढ होण्यामागे कोणाचा वाईट हेतू नाही; पण त्यामुळे उंदीर ही घराची एक व्याधी आहे, तिच्यावर उपाय केला की विषय संपला, अशी समजूत पक्की होते. आज सर्रास विकल्या जाणाऱ्या वड्यांच्या बाबतीत विषय तिथे संपत नाही. उंदराच्या अंगात गेलेले विष उंदराबरोबर नष्ट होत नाही. त्याला खाणाऱ्या घुबडाच्या, घारीच्या, कापशी नावाच्या लहान शिकारी पक्ष्याच्या यकृतात ते जाऊन बसते. म्हणून शरीरात दीर्घकाळ टिकून राहणारी ही विषे दुकानाच्या फळीवरून आणि सोसायट्यांच्या बारमाही कंत्राटांतून काढून घ्यावीत, आणि साथीसारख्या खऱ्याखुऱ्या संकटातच प्रशिक्षित माणसाच्या हाती द्यावीत, असे माझे ठाम मत आहे.

या मताकडे मी पुस्तकातून आलो नाही. पर्वतीच्या पायथ्याच्या बाजूला आमची जुनी सोसायटी आहे. तिच्या पाण्याच्या टाकीखालच्या पोकळीत गव्हाणी घुबडांची एक जोडी बरीच वर्षे राहत होती. पत्त्यातल्या बदामासारखा पांढरा चेहरा, रात्री नऊच्या सुमारास येणारा तो घशातला खरखरीत आवाज, याची इमारतीतल्या मुलांना सवय झाली होती. दोन वर्षांपूर्वी पावसाळा संपता संपता त्यातले एक घुबड सकाळी वाहनतळाच्या कोपऱ्यात बसलेले वॉचमनला दिसले. माणूस जवळ गेला तरी ते उडेना. चोचीच्या आतला भाग पांढराफटक पडला होता, आणि पंखाच्या सांध्यावरच्या नखाएवढ्या जखमेतून रक्त थांबत नव्हते. मदत येईपर्यंत ते गेले, आणि आम्ही ते गुलमोहराखाली पुरले. आठवड्याभराने वार्षिक हिशेब पाहताना लक्षात आले, की चार वर्षे दर महिन्याला तळघरात आणि गटाराच्या झाकणांपाशी विषारी वड्या ठेवण्याचे कंत्राट आम्हीच दिलेले होते, आणि त्यावर सभासद म्हणून माझीही संमती होती. ते घुबड त्या विषानेच मेले असे मी म्हणणार नाही, कारण त्याचे यकृत कोणी तपासले नाही. पण ते तपासायला हवे हे आमच्यापैकी कोणालाच सुचले नाही, हे मला आजही लागून राहिले आहे.

या विषांचा इतिहास पाहिला तर "औषध" हा शब्द अगदीच निराधार नाही असे दिसते. १९२० च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात बुरशी आलेला स्वीट क्लोव्हर नावाचा चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्या चाऱ्यातले रक्त गोठू न देणारे द्रव्य शोधून काढले, आणि त्या संशोधनातून पुढे वॉरफरीन तयार झाले. १९४८ मध्ये ते उंदीर मारण्यासाठी बाजारात आले, आणि काही वर्षांतच अल्प मात्रेत माणसांसाठीही वापरात आले. हृदयाची कृत्रिम झडप बसवलेले अनेक रुग्ण आज तीच गोळी घेतात आणि ठरावीक अंतराने रक्ताची तपासणी करून मात्रा सांभाळतात. रक्त गोठण्यासाठी लागणारे काही घटक यकृतात तयार होतात आणि त्यासाठी के जीवनसत्त्व लागते. वापरून झालेले हे जीवनसत्त्व शरीर एका विकराच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने पुन्हा कामाजोगे करून घेते. वॉरफरीन तो विकरच अडवते. रक्तात आधीचे गोठणघटक शिल्लक असेपर्यंत प्राण्याला काही जाणवत नाही. ते संपले की आतल्या आत रक्तस्राव सुरू होतो.

वॉरफरीन उंदराला अनेक दिवस खावे लागते आणि शरीरातून ते त्यामानाने लवकर बाहेर पडते. हे त्याचे वैगुण्य मानले गेले. १९५८ मध्ये स्कॉटलंडमध्ये वॉरफरिनाला दाद न देणारे उंदीर आढळले, नंतर इतरत्रही आढळले, आणि त्यावर उतारा म्हणून दुसऱ्या पिढीची विषे बनवण्यात आली: ब्रोमॅडिओलोन, डायफेनाकूम, ब्रोडिफाकूम. काम करण्याची पद्धत तीच, पण यकृतातली पकड कितीतरी घट्ट. एका-दोन वेळच्या खाण्यात मारक मात्रा पोटात जाते, आणि यकृतातला अंश निम्म्यावर यायला अनेक महिने लागतात. आपल्या दुकानांत वडी म्हणून मिळते ते बहुधा ब्रोमॅडिओलोन असते. वडीत त्याचे प्रमाण ०.००५ टक्के इतके कमी असते, आणि हा आकडा वाचून अनेकांना ती वस्तू सौम्य वाटते. पण अंगात साठत जाणाऱ्या पदार्थाची ताकद एका घासातल्या प्रमाणावर ठरत नाही. वारंवार झालेल्या खाण्याची बेरीज शरीरात किती होते यावर ती ठरते.

इथे उंदराच्या वागण्याकडे नीट पाहिले पाहिजे, कारण घुबडाचा घात तिथेच होतो. वडी खाल्लेला उंदीर तीन दिवस ते आठवडाभर जगतो. पहिल्याच रात्री मारक मात्रा पोटात गेलेली असली तरी त्याला ते कळत नाही. तो रोज येऊन वडी कुरतडत राहतो आणि स्वतःच्या मरणाला लागते त्याच्या कितीतरी पट विष अंगात साठवतो. मग तो मंदावतो. एरवी भिंतीच्या कडेकडेने सावधपणे पळणारा प्राणी उघड्यावर, प्रसंगी दिवसाउजेडी, अडखळत फिरू लागतो. शिकारी पक्षी नेमके असेच भक्ष्य निवडतो: हळू चालणारे, उघड्यावर आलेले, कमी कष्टात हाती लागणारे. म्हणजे परिसरातल्या शंभर उंदरांपैकी दहांनीच वडी खाल्ली असली, तरी घुबडाच्या पंजात त्या दहांपैकी एक सापडण्याची शक्यता जास्त असते. गव्हाणी घुबड रात्रीत तीन-चार लहान उंदीर सहज खाते, सगळा उंदीर गिळते, यकृतासकट. एका उंदरातून आलेला अंश त्याला मारीलच असे नाही. पण तो टिकतो, पुढच्या महिन्यातला त्यात मिळतो, आणि एक दिवस खिडकीच्या काचेवर आपटून झालेली किंवा भक्ष्याने चावून केलेली किरकोळ जखमही थांबेनाशी होते. मेलेला उंदीर शेपटीला धरून रस्त्याच्या कडेला किंवा कचऱ्याच्या ढिगावर फेकण्याची आपल्याकडची रीत घारींच्या आणि कावळ्यांच्या बाबतीत हेच काम आणखी सोपे करते.

हा केवळ तर्क नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एका विद्यापीठाच्या वन्यजीव चिकित्सालयात २००६ ते २०१० या काळात आणलेल्या १६१ शिकारी पक्ष्यांची यकृते तपासली, तेव्हा त्यांतील ८६ टक्के पक्ष्यांमध्ये ही विषे आढळली. पुढे त्याच चिकित्सालयात तांबड्या शेपटीच्या ४३ ससाण्यांची तपासणी झाली, तेव्हा एकही पक्षी विषमुक्त निघाला नाही. ब्रिटनमध्ये मृत शिकारी पक्ष्यांच्या यकृतांची तपासणी वर्षानुवर्षे नेमाने होते, आणि तिथल्या बहुतेक गव्हाणी घुबडांच्या यकृतात दुसऱ्या पिढीच्या विषांचा अंश सापडत आला आहे. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातून २०२३ मध्ये बाहेर पडलेले फ्लॅको नावाचे शृंगी जातीचे घुबड वर्षभर शहरातले उंदीर खाऊन जगले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये मेले. इमारतीवर आपटल्याच्या जखमा होत्याच. पण शवविच्छेदनात कबुतरांपासून आलेल्या विषाणूचा तीव्र संसर्ग आणि चार वेगवेगळ्या गोठणविरोधी उंदीरनाशकांचे अंश सापडले. एका पक्ष्याच्या यकृतात चार निरनिराळ्या रसायनांची बेरीज झाली होती, म्हणजे त्याने वर्षभरात शहराच्या अनेक कोपऱ्यांतले विष गोळा केले होते.

मला सर्वांत बोलके उदाहरण मलेशियाचे वाटते. तिथल्या पामतेलाच्या मळ्यांमध्ये उंदरांवर उपाय म्हणून गव्हाणी घुबडांसाठी घरट्याच्या पेट्या लावल्या गेल्या आणि घुबडे चांगली वाढली. नंतर काही मळ्यांत दुसऱ्या पिढीची विषे वापरली गेली, तेव्हा त्या मळ्यांतली घुबडे झपाट्याने कमी झाल्याचे १९८० च्या दशकात नोंदले गेले. उंदीर साधारण तीन आठवड्यांच्या गर्भकाळानंतर एका वेळी सहा-आठ पिल्ले घालतो, आणि ती पिल्ले दोन-तीन महिन्यांत स्वतः वीण घालू लागतात. घुबडाची जोडी वर्षातून एकदा, फार तर दोनदा अंडी घालते. दोघांनाही एकाच वेळी विष दिले तर आधी कोण सावरणार, हे सांगायला जीवशास्त्रज्ञ लागत नाही. विष घालणारा माणूस त्याच्या नकळत स्वतःचा राखणदार मारतो आणि मग राखणदार नाही म्हणून आणखी विष घालतो.

पुण्याला हे लागू पडते का? मला वाटते, इतर कित्येक शहरांपेक्षा जास्त. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई, पर्वती, पाषाणचा तलाव, मुळा-मुठेचे काठ अशा मोकळ्या जागा या शहराच्या ऐन पोटात आहेत आणि त्यांना लागून दाट वस्ती आहे. जुन्या वाड्यांच्या कोनाड्यांत गव्हाणी घुबड, वड-पिंपळाच्या ढोलीत पिंगळा, टेकडीच्या कपारीत शृंगी घुबड, गावाबाहेरच्या माळावर कापशी, हिवाळ्यात सासवड-इंदापूरकडच्या गवताळ रानांत उतरणारे भोवत्या नावाचे शिकारी पक्षी, आणि फुरसुंगी-उरुळी देवाचीच्या कचरा डेपोवर घिरट्या घालणाऱ्या घारी: यांतले बहुतेक पक्षी कमी-अधिक प्रमाणात उंदीर खातात. पुरंदर तालुक्यात आणि आसपास पक्षी-अभ्यासक डॉ. सतीश पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शृंगी घुबडाच्या आहाराचा अभ्यास केला आहे, आणि शेतीचे नुकसान करणारे उंदीर व घुशी हा त्या आहाराचा मोठा भाग असल्याचे दाखवून दिले आहे. त्याच तालुक्यातल्या पिंगोरी गावात घुबडांचा महोत्सव भरतो, शाळकरी मुले घुबडांची चित्रे काढतात, दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी होणाऱ्या घुबडांच्या चोरट्या शिकारीविरुद्ध प्रबोधन होते. हे सगळे मोलाचे आहे. पण मांत्रिकाला विरोध करणारे आपणच घरी येऊन वडीचे पाकीट फोडत असू, तर आपली आस्था अर्धीच राहते.

आता दुसरी बाजू. उंदीर हा चेष्टेचा विषय नाही, आणि पुण्याला तर तो मुळीच नाही. १८९६-९७ च्या प्लेगने या शहराची घरेच्या घरे रिकामी केली; रँडच्या कारभारातली घरझडती आणि २२ जून १८९७ ची रात्र हा त्याच प्लेगचा इतिहास आहे. पुढच्या प्लेगांच्या वर्षांत "उंदीर पडले" एवढे शब्द ऐकले की माणसे घर सोडून माळावरच्या झोपड्यांत राहायला जात. आजही नदीकाठच्या वस्तीत रात्री तान्ह्या मुलाचे बोट कुरतडले जाते, पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसची भीती असते, मंडईतल्या आणि मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्याच्या पोत्यांना भोके पडतात. अशा आईला किंवा अशा व्यापाऱ्याला "घुबडासाठी उंदीर सहन करा" असे मी सांगणार नाही, आणि कोणी सांगू नये. उंदीर कमी झालेच पाहिजेत. वाद फक्त साधनाचा आहे. साथीच्या दृष्टीनेही घाऊक विषप्रयोग हा बिनचूक उपाय नव्हे: प्लेगच्या वेळी आधी पिसवांचा बंदोबस्त न करता उंदीर मारले तर मेलेल्या उंदरावरच्या पिसवा नवा आसरा शोधत माणसांकडे वळतात, म्हणून आरोग्यशास्त्र पिसवांवरचा उपाय आधी सांगते.

उंदरांची संख्या ठरते ती अन्नावर आणि आसऱ्यावर. ओला कचरा रात्रभर उघडा राहत असेल, गटाराच्या जाळ्या तुटलेल्या असतील, पाइपांभोवतीच्या भिंती पोखरलेल्या असतील, तर विषाने मारलेल्यांची जागा महिन्याभरात नवे उंदीर घेतात, आणि कंत्राटदाराला पुढच्या महिन्यातही काम मिळते. बारमाही वड्या ठेवण्याची पद्धत म्हणजे मूळ कारण न मिटवल्याची दरमहा दिलेली कबुलीच आहे. आमच्या सोसायटीने, बऱ्याच वादानंतर, विषाचे कंत्राट थांबवले. ओल्या कचऱ्याच्या डब्यांना घट्ट झाकणे केली, गटाराच्या तोंडांना बारीक जाळ्या बसवल्या, तळघरातली भगदाडे सिमेंटमध्ये काचेचा चुरा मिसळून बुजवली, आणि खोबऱ्याचा तुकडा किंवा भजे लावलेले जुन्या पद्धतीचे पिंजरे व चाप ठेवले. पहिले तीन महिने कटकटीचे गेले; रोज सकाळी पिंजरे पाहायला माणूस लागतो, आणि ते काम कोणालाच आवडत नाही. पण आता तळघरात लेंड्या क्वचित दिसतात. चिकट गोंदाचे पुठ्ठे आम्ही मुद्दाम टाळले, कारण त्यावर पाली आणि चिमण्याही तितक्याच अडकतात आणि तडफडत मरतात.

शेतीचा प्रश्न याहून अवघड आहे आणि त्याला शहरी उत्तर देणे अन्यायाचे होईल. बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या उसात उंदीर आणि घूस केवढे नुकसान करतात हे ज्याने कुरतडलेली कांडी पाहिली आहे त्याला सांगावे लागत नाही. कृषी विभागाच्या शिफारशींत झिंक फॉस्फाइडचे आमिष फार पूर्वीपासून आहे: भरड धान्य, थोडे गोडेतेल आणि दोन टक्के विष. हेही जहालच आहे. पोटातल्या आम्लाशी संयोग होऊन त्यातून फॉस्फीन वायू सुटतो, आणि हाताळणाऱ्यालाही त्यापासून जपावे लागते. पण ते यकृतात महिनोन्महिने साठून राहत नाही, त्यामुळे मेलेल्या उंदरामार्फत शिकारी पक्ष्याला होणारी बाधा त्यात पुष्कळ कमी आहे. आमिष बांधावर उघडे टाकले तर मात्र पारवे, तितर आणि मोर ते दाणे टिपतात. म्हणून आधी सगळी बिळे बुजवावीत, दुसऱ्या दिवशी जी उकरलेली दिसतील त्यांतच आधी दोन-तीन दिवस बिनविषारी आमिष, मग विषारी आमिष घालून तोंड लिंपावे, आणि मेलेले उंदीर वेचून खोल पुरावेत, ही पद्धत पाळावीच लागते. आमिषाला बुजलेल्या उंदरांसाठी मग ब्रोमॅडिओलोन वापरण्याची शिफारस केली जाते. माझा आक्षेप या शेवटच्या पायरीला पहिली पायरी करण्याला आहे. शेतात पक्षीथांबे उभारायला आपण शेतकऱ्याला सांगतो, आणि त्या थांब्यावर रात्री येऊन बसणाऱ्या पाहुण्याच्या ताटात विष असू नये एवढे तरी आपण पाहिले पाहिजे. इस्रायलमध्ये १९८० च्या दशकापासून शेतांमध्ये घुबडांच्या पेट्या लावून विषाचा वापर घटवण्याचे काम चालू आहे, पुढे त्यात जॉर्डनचे आणि पॅलेस्टिनी शेतकरीही सामील झाले. जिथे माणसांचे एकमेकांशी पटत नाही तिथे हे जमू शकते, तर नीरा-भीमेच्या खोऱ्यात ते करून पाहायला काय हरकत आहे?

कायद्याच्या अंगाने बोलायचे तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये "शिकार" या शब्दाच्या व्याख्येत वन्य प्राण्याला विष घालणेही येते. घुबडाला कोणी थेट विष घातले तर तो गुन्हा आहे; तेच विष उंदरामार्फत पोहोचले तर त्याला नावही नाही. कीटकनाशकांची नोंदणी १९६८ च्या अधिनियमाखाली केंद्राच्या हाती आहे, आणि राज्याला फक्त मर्यादित मुदतीची, साधारण ६० दिवसांची, विक्रीबंदी घालता येते. त्यामुळे कायमचा निर्णय दिल्लीतच व्हावा लागेल. तो अशक्य नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २००८ मध्येच दुसऱ्या पिढीची विषे सामान्य ग्राहकाच्या हाती देणे थांबवण्याचा निर्णय घेतला. कॅलिफोर्नियाने २०२१ पासून त्यांच्या बहुतेक वापरावर निर्बंध आणले. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २०२३ मध्ये बंदी कायम केली. अत्यावश्यक सेवांना आणि शेतीला तिथेही सवलती आहेत, आणि मला त्या रास्त वाटतात. दिल्लीची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. महानगरपालिका स्वतःच्या मंडया, शाळा, रुग्णालये आणि उद्याने यांच्या निविदांतून ही विषे आज वगळू शकते. सोसायटीला तर वार्षिक सभेतला एक ठराव पुरतो.

आणि तपासणी. गिधाडांच्या वेळी आपण काय शिकलो? गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे त्यांच्या नाशाचे कारण आहे, हे पाकिस्तानात मेलेल्या गिधाडांची मूत्रपिंडे तपासली तेव्हा सिद्ध झाले आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. २००६ मध्ये भारताने त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली, पण तोपर्यंत बहुतांश गिधाडे गेलेली होती. शिकारी पक्ष्यांच्या यकृतांची नियमित, देशव्यापी तपासणी करणारी यंत्रणा आपल्याकडे अजून उभी नाही. साधने मात्र पुण्यातच आहेत. मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात युरोपला जाणाऱ्या द्राक्षांतले कीटकनाशकांचे अतिसूक्ष्म अंश वर्षानुवर्षे मोजले जातात; ज्या प्रकारच्या यंत्रावर ते मोजतात त्याच प्रकारच्या यंत्रावर घुबडाच्या यकृतातले ब्रोमॅडिओलोनही मोजता येते. वन विभागाने, पुण्यातल्या वन्यजीव उपचार केंद्रांत मरण पावलेल्या प्रत्येक घुबडाच्या, घारीच्या आणि शिक्र्याच्या शवविच्छेदनात यकृताचा तुकडा गोठवून ठेवण्याचा आणि तो अशा प्रयोगशाळेकडे पाठवण्याचा आदेश काढावा. खर्च मोठा नाही, आणि दोन-तीन वर्षांत या शहरापाशी स्वतःचे आकडे असतील.

तोवर आपल्यापैकी कोणाला सुस्त बसलेले, न उडणारे घुबड दिसले, तर त्याला पाणी पाजण्याच्या किंवा हाताळण्याच्या भरीस न पडता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. वेळेत पोहोचले तर के जीवनसत्त्वाच्या काही आठवड्यांच्या उपचाराने असे पक्षी वाचू शकतात. पक्षी मेलेला असेल तर तो पुरून टाकू नये. तेवढ्याच तातडीने कळवावे, आणि यकृताचा नमुना राखून ठेवण्याची विनंती लेखी द्यावी. आमच्या सोसायटीत वॉचमनच्या खोलीच्या दाराशी तो क्रमांक आता लावला आहे, आणि त्याखाली "घुबड, घार" एवढेच दोन शब्द लिहिले आहेत.